घोटभर

११ फेब्रुवारी

ह्यांना आज घरी आणलं.

पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी लावला आहे, म्हणजे पडल्या पडल्या रस्ता दिसेल. ठमीनं उशाशी भिंतीवर कागद चिकटवला, ‘तोंडाने काहीही देऊ नये.’ शाळेत फळ्यावर सुविचार लिहायची तसं तिचं अक्षर, ठळक आणि एका उंचीचं. लेक एवढ्या मोठ्या कंपनीत हाताखाली माणसं बाळगते, पण ते अक्षर बघून मला तिच्या दोन वेण्याच आठवल्या. दूध, पाणी, औषधं सगळं आता नाकातल्या नळीतून. तोंडाला सुट्टी.

संध्याकाळी भाऊजी येऊन गेले. थोरल्या भावाचा हात हातात घेऊन बसले, क्रिकेटचं काहीबाही सांगत राहिले. मग उठले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “असे कसे जाता? घोटभर चहा तरी घ्या.”

इतक्या वर्षांची जिभेची सवय. दारातून कुणी परत निघालं की हेच वाक्य. बोलल्यावर मी पलंगाकडे बघितलं. उजवी बाजू लुळी, बोलणं गेलेलं, पण ह्यांचे डोळे पूर्वीचेच आहेत. ते माझ्याकडेच लागले होते.

चहा आम्ही स्वयंपाकघरात दार लोटून, उभ्या उभ्या, चोरासारखा प्यालो. भाऊजींचा ‘घोटभर’ म्हणजे काठोकाठ कप, हे न सांगता ठरलेलं. “वहिनी, तुमचा घोट मोठा असतो हो,” ते नेहमीचं म्हणाले. मी नळ सोडून कप विसळत बसले.

१५ फेब्रुवारी

गिळायचे व्यायाम घेणारी मुलगी आली. दवाखान्यातूनच पाठवली आहे. ठमीपेक्षाही लहान, लांब वेणी, आणि पिशवीत नाना आकारांचे चमचे. तिनं नाव सांगितलं, पण माझ्या डोक्यात तिचं ‘चमचाबाई’ होऊन बसलं.

ह्यांना ताठ बसवलं. हनुवटी छातीशी. पाण्यात कसलीशी पूड कालवून ते मधासारखं दाट केलं. “काका, लहानसा चमचा देते. तोंडात धरा आणि गिळा.”

ह्यांनी घेतलं. जीभ या गालातून त्या गालात फिरलेली बाहेरून दिसत होती. डोळे अर्धवट मिटले. मग मान वळवून त्यांनी सगळं उशाशी ठेवलेल्या तबकात टाकलं. इतकं नेमकं, की उशीवर एक थेंब नाही. पुन्हा दिलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तसंच, आणि मग डाव्या हातानं तो कप समोर ढकलून दिला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या मुलीसमोर असं. आयुष्यात कुणाचा अपमान न केलेला माणूस.

ती मात्र बुचकळ्यात पडली होती. “जीभ तर छान चालते, काकू. ओठ घट्ट मिटतात. एवढ्या मोठ्या झटक्यानंतर असं सहसा बघायला मिळत नाही. पण गिळायला जातच नाहीत. पूर्वी पाणी कसं प्यायचे?”

“घोट घोट.”

“घोट म्हणजे साधारण किती?”

मी हात पुढे केला, जणू तळहातावर दाखवता येणार होतं. “घोट म्हणजे... घोटाएवढा.”

ती हसली. “मला मिलिलिटरमध्ये लिहावं लागतं हो.”

जाताना दारात तिनं सांगितलं ते ऐकून हसू पळालं. महिनाअखेरीला पुन्हा तपासणी आहे. निदान चमचाभर तरी गिळलं पाहिजे. गिळलं तर हळूहळू नाकातली नळी काढायचा विचार करतील. नाही गिळलं तर पोटाला भोक पाडून तिथे नळी बसवतील, कायमची. म्हणजे मग तोंडाचं काम संपलंच.

घोट म्हणजे एका वेळी घशाखाली उतरेल तेवढं. एवढं साधं उत्तर मला भांडी घासताना सुचलं. पण तेही खरं नाही. कुणाच्या घशाखाली?

१७ फेब्रुवारी

आज दिवसभर जुनं आठवत होतं.

स्थळ सांगून आलं तेव्हा बाबांनी विचारलं होतं, “चहाच्या कंपनीत नक्की काय करता?”

“चहा चाखतो.”

“म्हणजे दिवसभर चहा प्यायचा पगार देतात?”

“प्यायचा नाही,” हे म्हणाले, “न प्यायचा.”

बाबा इतके हसले की लग्न तिथेच ठरलं.

लग्नानंतर एकदा ह्यांनी मला त्यांची चाखायची खोली दाखवली. उत्तरेला उंच खिडक्या, कारण तो उजेड सारखा असतो म्हणे. लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग, दांड्या नसलेले कप. हे पांढरा कोट घालून एका कडेनं निघाले. चमचा बुडवायचा, ओठांशी न्यायचा आणि एवढ्या जोरात ओढायचा, सुर्रर्र, की मी दचकलेच. क्षणभर तोंडात फिरवायचा आणि पचकन त्या चाकावरच्या उंच तस्तात. पायानं तस्त पुढे ढकलायचं, पुढचा कप. तोंड भरलेलं असताना बोलता येत नाही, म्हणून आवडलेला कप स्वतःकडे ओढायचा, नावडलेला समोर ढकलायचा. शेजारी उभा असलेला कारकून त्यावरून लिहून घ्यायचा. सबंध सकाळभर एक शब्द नाही.

मी मात्र घाबरून दाराकडे बघत होते, बशीसिस्टर येतात की काय. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये जेवणाच्या टेबलाच्या शिस्तीचा तास असे. बशीसिस्टर छडी घेऊन मागून फिरायच्या. “स्मॉल सिप्स, गर्ल्स. लिप्स क्लोज्ड. नो म्युझिक!” सुपाचा आवाज झाला की खांद्यावर छडी टेकायची, मारायची नाही, नुसती टेकायची. त्यांच्या सगळ्यात गुणी मुलीला नवरा मिळाला तो भुरके मारायचा पगार घेणारा. हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे खोलीभर ‘नो म्युझिक, नो म्युझिक’ करत फिरले होते.

पण घरचा चहा मात्र हे प्यायचे. संध्याकाळी आले की हात-पाय धुऊन, या खिडकीशी बसून, सावकाश, आवाज न करता. पहिल्या घोटानंतर रोज नाही, पण कधीकधी म्हणायचे, “दिवसभर टाकतो. तुझा तेवढा गिळतो.”

एवढं सोडलं तर गोड बोलणं ह्यांना कधी जमलंच नाही. मलाही त्याहून जास्त काही लागलं नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळ-संध्याकाळ सराव. चमचाबाईनं शिकवल्याप्रमाणे मीच देते, दाट पाणी, लहान चमचा. रोज तेच. जीभ फिरते, मान वळते, तबक. कप समोर ढकलतात.

“अहो, गिळा ना.” बघतात फक्त.

मला ओळखत नाहीत का? की मी त्यांना त्या कारकुनासारखी दिसते, शेजारी उभी राहिलेली कुणीतरी?

२१ फेब्रुवारी

आज खूप दिवसांनी घरात हशा झाला. लिहून ठेवते.

चमचाबाईचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. औषधाच्या बाटलीवरचं रेघारेघांचं प्लॅस्टिकचं टोपण असतं ना, ते घेऊन मी स्वयंपाकघरात घोट मोजत उभी होते. टोपणातून मापून पेल्यात पाणी घालायचं, एक घोट घ्यायचा, उरलेलं परत टोपणानं मोजायचं. ठमीनं पकडलं.

“आई, काय चाललंय?”

सांगितल्यावर तीही आली. आमच्या घोटांत केवढा फरक! तिचा माझ्याहून दुप्पट. पाणीसुद्धा गाडी सुटल्यासारखं पिते. तेवढ्यात भाऊजी आले. त्यांनी विचारलं, “स्पर्धा कसली? बक्षीस काय?” आणि पेला उचलला. एका दमात निम्मा रिकामा.

“काका, हा घोट आहे की टँकर?”

“घोट असाच असतो. तुझ्या आईचा हा घोट नाही, हा औषधाचा डोस आहे.”

“सिस्टरांनी शिकवलाय,” मी म्हणाले.

“मग दादाचा लिही बरं. दादाचा घोट सगळ्यात सोपा. जेवढा घ्यायचा तेवढा परत मिळायचा, मोजून घ्या!”

ठमी तर ओट्याला धरून हसली. दार उघडंच होतं. मी मान काढून बघितलं तर हे पलंगावरून आमच्याकडे बघत होते. चेहऱ्याची डावी बाजू हलल्यासारखी वाटली. मला वाटलं, त्यांना तहान लागली असेल. आम्ही पाण्याशी खेळत होतो आणि ते कोरड्या तोंडानं बघत होते. हसू तिथेच विरलं.

ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसले.

आपण तरी किती सहज बोलतो. घोटभर थांबा, दोन घोट घेऊन जा. कुणी काही लागट बोललं तर आपण ते गिळतो, रडू आलं तर आवंढा गिळतो. गिळणं हे काही काम आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. आता टीव्हीवर कुणी पाणी प्यालं तरी मी त्याच्या गळ्याकडे बघते. वर जातो, खाली येतो. सगळ्यांना येतं. तान्ह्या मुलाला येतं.

२४ फेब्रुवारी

चमचाबाई म्हणाली, प्रगती नाही. शनिवारी शेवटची तपासणी, त्यानंतर पोटातल्या नळीचं ठरवतील. “नळी म्हणजे काही शेवट नाही, काकू. उलट सोयीचं असतं. जीवाला धोका कमी.”

ठमीलाही ते पटलं आहे. “बाबांना पोषण नीट मिळणं महत्त्वाचं ना? चव काय, आज आहे उद्या नाही.”

ज्या माणसानं जिभेवर घर चालवलं, लेकीला शिकवलं, त्याच्याबद्दल ती बोलत होती. पण तिचंही चुकत नव्हतं. तिला बाप हवा आहे. मलाही हवेत. पण मला ते संध्याकाळी खिडकीशी बसणारेच हवेत, आणि असं मागता येत नाही कुणाकडे.

२५ फेब्रुवारी

ठमी कामावर गेल्यावर मी पहिल्यांदा नीट विचार केला. ते दाट पाणी मी चाखून बघितलं. शिळ्या खळीसारखं लागतं. ज्या माणसाला शंभर चहांमधला एक ओळखता येतो, तो असलं कशाला गिळेल? कुणीही थुंकेल! त्यांना गिळता येत नाही असं कशावरून? आपण गिळण्यासारखं काही दिलंच नाही.

म्हणून चहा केला. आपला रोजचा, त्यांच्या कपात, कोमट होऊ दिला. पूड घालून बघितली तर लगदा झाला, तो ओतून दिला आणि परत केला.

ताठ बसवलं. हनुवटी छातीशी. सगळं शिकवल्याप्रमाणे. कप जवळ नेला तशा नाकपुड्या हलल्या. एक चमचा दिला. जीभ फिरली, डोळे मिटले, उघडले. माझ्याकडे बघितलं आणि मान तबकाकडे वळवली.

मी तबक बाजूला केलं.

“आज तबक नाही,” मी म्हणाले. “हे ऑफिस नाही. हा माझा चहा आहे. माझा तेवढा गिळता ना तुम्ही? एवढा घोट घ्या. माझ्यासाठी घ्या.”

किती तरी वेळ त्यांनी तो तोंडात धरून ठेवला. नजर माझ्यावरून हलवली नाही. मी हात जोडले. वेड्यासारखे, खरंच जोडले.

आणि मग गळ्यातली गाठ वर गेली आणि खाली आली.

ठसका नाही, खोकला नाही, काही नाही! गेला! माझ्यासमोर गेला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या तर धारा लागल्या. आणखी एक दिला. आणखी एक. दर वेळी थांबून माझ्याकडे बघायचे आणि गिळायचे. चांगला घोटभर चहा गेला आज पोटात.

ठमीला सांगितलं नाही. शनिवारी सगळ्यांसमोरच कळू दे. चमचाबाईचं तोंड बघायचं आहे मला.

२६ फेब्रुवारी

आजही दिला. कालच्यापेक्षा जास्त. आता मान वळवतच नाहीत, तबक मी आणलंच नव्हतं. मध्येच डोळे मिटून घेतले. दमतात, पण घेतात.

गालांवर रंग चढला आहे. इतके दिवस पांढरे फटक दिसत होते. संध्याकाळी हात हातात घेतला तर चांगला ऊबदार लागला. चहानं आलेली तरतरी. ठमीसुद्धा म्हणाली, “बाबा आज वेगळे दिसतायत.”

मी मनातल्या मनात हसले.

५ मार्च

आता लिहिते आहे. लिहायचं टाळत होते.

२७ला सकाळी अंग तापलं होतं, श्वासाबरोबर घरघर येत होती. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं, छातीचा फोटो काढला, मग आम्हाला बाहेर बोलावलं.

“सरावाचं पाणी सोडून तोंडाने काही दिलंत?”

ठमी म्हणाली, “छे, काहीच नाही,” आणि मी म्हणाले, “चहा.”

ठमी माझ्याकडे वळली. तो चेहरा मला कधी विसरता येणार नाही.

“ठसका लागला होता?”

“नाही. अजिबात नाही. नीट गेला.”

“तसंच वाटतं,” डॉक्टर म्हणाले. “त्यांच्या घशाला कळतच नाही काही. ठसका लागला असता तर बरं होतं. सगळं सरळ फुप्फुसात उतरलंय. किती दिलंत?”

“घोटभर.”

“घोटभर म्हणजे किती?”

पुन्हा तोच प्रश्न. या वेळीही माझा हात पुढे झाला. तळहाताचा खळगा करून उभी राहिले त्या माणसासमोर. मग त्यांनीच अंदाजानं काहीतरी लिहिलं.

ठमी बाकावर बसून म्हणाली, “आई, मी तो कागद कशाला चिकटवला होता भिंतीवर? शोभेला?” आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला बोलता आलं असतं. भाऊजी म्हणाले, “ठमे, पुरे.” “नाही काका, मला कळू दे ना. तिला वाचता येतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलीये ती.”

खरं आहे.

नंतर बऱ्याच वेळानं तीच माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली. भाऊजींनी यंत्रातून तीन कप चहा आणला, कागदी. “घोटभर घ्या, बरं वाटेल.” मला तो घशाखाली उतरेना. तोंडात धरून ठेवला आणि मग रुमालात टाकला.

९ मार्च

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले.

मला आत सोडलं. ह्यांनी डावा हात उचलला. मी तो धरला. ‘चुकलं माझं’ म्हणायचं ठरवून गेले होते. ते एक वाक्य मी सबंध वाटभर घोकलं होतं. पण ह्यांनी माझ्याकडे बघून मान किंचित तबकाकडे वळवली, उशाशी रिकामं होतं ते. मळमळतंय वाटून मी धावत नर्सला बोलावून आणलं. काही नव्हतं.

१४ मार्च

पोटात नळी बसवली. नाक मोकळं झालं. चेहरा मोकळा दिसला की माणूस किती आपला वाटतो.

ठमी म्हणाली, “बघ, बाबा आता बाबांसारखे दिसतात.”

२२ मार्च

घरी. कागद भिंतीवर तसाच आहे. आता तो वाचायची गरज नाही, पण काढावासाही वाटत नाही.

चमचाबाई भेटायला आली. तिचं काम खरं तर संपलं. मला वाटलं रागावेल, पण ती स्टूल ओढून ह्यांच्याशी बोलत बसली. मग सहज मला विचारलं, “काका नोकरी काय करायचे?”

“चहाच्या कंपनीत. चहा चाखायचे.”

“म्हणजे पिऊन बघायचे?”

“पिऊन कुठले? एवढे कप प्यायले तर माणूस फुटेल. तोंडात घ्यायचे, फिरवायचे, थुंकायचे.”

चाळा म्हणून हातात घेतलेला चमचा तिनं टेबलावर ठेवला. “रोज?”

“रोज. निवृत्त होईपर्यंत.”

“काकू, हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” मी म्हणाले, “आणि मला वाटलं त्याचा इथे काय संबंध?”

ती ह्यांच्याकडे बघत म्हणाली, “काका थुंकत होते म्हणून तर तेवढे दिवस छाती साफ राहिली. आम्ही त्यांना चूक करायला शिकवत होतो. त्यांना कळत असणार, खाली जाऊ द्यायचं नाही.” आणि तिनंच विचारलं, “मग त्या दिवशी का गिळलं असेल?”

हे माझ्याकडे बघत होते.

“काय माहीत,” मी म्हणाले.

“होतं कधीकधी आपोआप.”

“हो, आपोआपच झालं असेल.”

जाताना ती म्हणाली, डॉक्टरांना विचारून बघते. गिळणं नाहीच, कधीच नाही, हे पक्कं धरायचं. पण चवीपुरतं तोंडात घेऊन टाकायचं, इतकं नीट टाकता येणारा पेशंट तिनं पाहिलेला नाही. आधी ती स्वतः समोर बसून काही दिवस करून बघेल, दात-तोंड स्वच्छ करून, अगदी थोडं. तबक मात्र हवंच.

“तबक हवंच,” मी म्हणाले.

२ एप्रिल

आज चमचाबाईशिवाय, आम्ही दोघंच. तिनं परवानगी दिली. ठमीनंही दिली, पण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताची घडी घालून.

चहा केला. त्यांचा कप, त्यांची खिडकी. तबक मी माझ्या मांडीवर घेतलं. एक चमचा दिला.

सुर्रर्र.

इतक्या मोठ्यानं की रस्त्यावरून जाणाऱ्या बाईनं वळून बघितलं. जीभ या गालातून त्या गालात. डोळे मिटलेले. मग मान वळली आणि माझ्या मांडीवरच्या तबकात, नेमका मधोमध. मी आत निरखून बघितलं. तेवढाच होता, सगळा. जेवढा घेतला तेवढा परत.

मग मीही एक चमचा घेतला. ओठ मिटायचे नाहीत असं ठरवून ओढला. काय तो आवाज! पहिल्यांदा नाकात गेला, मग जमला. तोंडात फिरवला. गोड, मग तुरट, मग मागे काहीतरी आणखी, ज्याला मला शब्द नाही. इतकी वर्षं मी तो नुसता गिळत होते. ह्यांच्याकडे बघत मीही तबकात टाकला. हनुवटीवरून ओघळला माझा. ह्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. ठमी दारातून म्हणाली, “आई! नो म्युझिक!” आणि आत निघून गेली. नाक ओढल्याचा आवाज आला तिचा.

दोन चमचे झाल्यावर, सांगितल्याप्रमाणे, थांबले. कप टेबलाच्या मधोमध ठेवला आणि त्यांचं तोंड पुसलं. ह्यांनी डावा हात पुढे केला, कपाला बोटं लावली आणि तो स्वतःकडे ओढला.

कडेला गेला तर पडेल, म्हणून मी परत मधोमध ठेवला.

त्यांनी परत ओढला.

या वेळी मी हात लावला नाही. निवेपर्यंत तो तिथेच होता, त्यांच्या बाजूला.